दोन रोज वाळवलं, तुयी आन

भाऊ, नाव मोहाच्या झाडाखाली पालथी घातली आहे अन् मी तिच्या बाजूले बसून राह्यलो. हात लावाचा नाई, फुंकर माराची नाई, बोटानं खरडून पाहाचं नाई. दोन रोज नुसतं ऊन लागू द्याचं. हे तूच शिकवलं होतं अन् मी कधी केलं नाई. आता करून राह्यलो, तं पाहाले तू नाई.

लिवता मले येत नाई, हे तुले ठावं आहे. राशनच्या मशिनीवर मायं बोटसुद्धा उमटत नाई, फायबर चिकटवाच्या रेझिननं रेघा खाऊन टाकल्या. म्हनून मी बोलतो अन् शालू लिवते. तुयीच पोट्टी लिवून राह्यली, तं तुयी बदनामी जास्त करता येत नाई. मायी करतो. ते तिले चालते.

पयले आपली वळख कशी झाली ते सांगतो. शालूले ते तू कधी सांगतलं नसन. मायी इज्जत ठेवली असन.

मी तवा घुग्घुसले कूलरच्या फायबर बॉड्या दुरुस्त करत होतो. तिकडची धूळ अन् तिकडचं ऊन, कूलर काई बंद पडाचे राहत नाई, तं मायं पोट चालत होतं. इकडे तुमच्या समितीनं कोन्या शहरातल्या बंद पडलेल्या क्लबातून ही शिडाची नाव आनली. आपल्या तलावात लोकायले फिरवाचं म्हनून. गावातल्या एकानंही समुद्र पाह्यला नाई अन् नाव आनली शिडाची! शीड त्याले म्हनते हे आपल्याले मागून समजलं. पयले वर्सभर सारं गाव त्याले पडदा म्हने. नाटकाचा पडदा. हवा आली का कोनीतरी काठावरून वरडे, "सुकरूभाऊ, दुसरा अंक सुरू करा!"

ट्रॅक्टरवरून आनतानीच नावेच्या पोटाले वरबडे पडले होते. दोन ठिकानी चीर गेली होती. फायबरचा मानूस पाह्यजे, तं कोनीतरी मायं नाव सांगतलं. मी आलो. नावेभोवती फिरलो. मनात म्हटलं, हे तं मोठं कूलर आहे, त्यात काय. आत उतरलो अन् आतून ठिगळ मारलं. कूलरचं पानी आत राह्यते, तं ठिगळ आतूनच माराचं, हे मायं पंधरा वर्साचं शिक्षन. नाव पान्यात ढकलली. भाईरच्या पान्यानं आतलं ठिगळ भाकरीवानी फुगलं अन् उठून मायाच मांडीवर आलं. सारं गाव हासलं. तू नाई हासला. काठावर उभा राहून इचारलं, "काऊन भाऊ, तुमच्याकडे पानी कोनत्या बाजूनं येते?"

त्या रोजपासून मायं नाव कूलर पडलं, अन् मी इथीच राह्यलो. मायी बायकोही आता तेच म्हनते.

तू काई शहाना होता असं नाई, हेही शालू, लिव. तू ढिवराचा, तुया बापानं अन् आज्यानं लाकडाचे डोंगे चालवले. डोंगा काठाले आला का ओढून मुरुमावर घ्याचा, ही तुया हाताची सवय. पयल्या म्हयन्यात ही नावही तू तशीच ओढत होता. खर्रर्र आवाज यायचा. मी म्हटलं, "भाऊ, लाकूड आहे का ते? फायबर आहे, त्याचं वरचं कातडं जाऊन राह्यलं." तू पालथी करून पाह्यली. बोट फिरवलं. मंग तिथीच खाली बसला. मेलेल्या जनावराजवळ मानूस बसते तसा बसला. दुसऱ्या रोजी सकारी पाहतो, तं घाटापासून पान्यापर्यंत धानाची तनीस हाथरली होती. वलसर, जाड, गादीवानी. गावातल्या बैलाईले तनीस कमी पडली त्या वर्सी, पन नावेचं पोट मुरुमाले कधी लागलं नाई. घाटाच्या दगडायले टायरच्या ट्यूब बांधल्या. चप्पल घालून नावेत पाय ठेवाचा नाई. हातात कडं असन तं काढाचं. एका साहेबाचं घड्याळ तू काढाले लावलं होतं, आठवते? तो म्हने, महाग आहे. तू म्हटलं, "म्हनूनच काढा, महाग वस्तूचा वरबडा खोल जाते."

अन् बुडखे. आपल्या तलावाच्या पोटात जंगल आहे. बांध घातला तवा सागाची झाडं तोडून नेली, बुडखे तिथीच राह्यले. उन्हाळ्यात पानी उतरलं का ते वर येते, पन पूर्न येत नाई. हातभर पान्याखाली दबा धरून बसते. तू डोंगा घेऊन जाय अन् एकेका बुडख्याले रिकामी पान्याची बाटली बांधून ये. लोकाईले वाटे, काय कचरा करून ठेवला तलावाचा. पन तुया बाटल्याईनं जेवढी नाव वाचवली तेवढी माया रेझिननं नाई वाचवली. हे मी तू जिता असताना कबूल केलं नाई. केलं असतं तं मायी मजुरी गेली असती.

शालू म्हनते, काका, मुद्द्यावर या. येतो वो बाई. मुद्द्यावर येवाले मले भेव वाटून राह्यलं, म्हनून तं इकडून तिकडून फिरून राह्यलो.

वरबडा पाहाची तुयी रीत वेगळी होती. उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख तू वाढवलं होतं, त्याच कामासाठी. वरबड्यावरून आडवं फिरवाचं. नख अडकलं नाई, तं नुसतं घासून मेन लावाचं. जंगलातल्या मधाच्या पोयाचं मेन, तुले तेच पाह्यजे. नख अडकलं, तं वरचं कातडं भराचं. अन् आत काचेचे धागे दिसले, तं मंग ते काम मोठं. मी नख चावतो, तं मले ते कधी जमलं नाई. मी जिभेनं पाहू काय म्हटलं, तं तू म्हनला, "तुयी जीभ खोटं बोलते, नखानं पाह्य."

मस्करीत म्हनला होता तू. पन मले आता ते रोज आयकू येते.

मंग तो चमचा. स्टीलचा, चहाचा, दांडी वाकलेला. नाव पालथी केली का तू तिच्या पूर्न अंगावर चमचा वाजवत जाय. टन, टन, टन. जिथी आत पानी मुरलं असन तिथी भद वाजते. तू कान लावून आयके, डाक्टर जसा. मी मांगं उभा राहून म्हनो, "भाऊ, तिले खोकला आहे काय?"

अन् ते भांडन. पाच वर्स चाललं अन् तसंच राह्यलं. भोकावर काचेच्या धाग्याच्या मॅटचे तुकडे बसवाचे, तं लहान तुकडा आधी का मोठा आधी? मी म्हनो, लहान आधी, भोकाच्या मापाचा, मंग त्याच्यावर मोठा, मंग त्याच्यावर अजून मोठा. झाकन लावल्यासारखं. साऱ्या घुग्घुसात असंच करते. तू म्हने, "नाई बे. भोकाभोवती ताटाएवढा उतार घासाचा, अन् मोठा तुकडा आधी. त्यानं जुन्या अंगाले पूर्न मिठी मारली पाह्यजे. लहान तुकडा मंग वरून." मी म्हनो, तुले शिकवलं कोनं? तू म्हने, "कोनं नाई. बोट कापलं तं पट्टी कशी बांधते?" मी म्हनो, बोट अन् नाव एक आहे काय? वयनी चुलीजवळून वरडे, "घरात धान नाई भरलं अजून अन् हे दोघं चिंध्यावर भांडून राह्यले!"

आता मुद्दा.

दिवाळी सरल्यावर, धानकापनीच्या दिवसात, नाव बुडख्यावर गेली. त्या वर्सी पाऊस कमी, बुडखे तवाच वर आले होते, अन् बाटली सुटून गेली होती. डाव्या अंगाले, पान्याच्या रेघेच्या खाली, बोटभर रुंद अन् वितभर लांब चीर. धागे भाईर आले होते. दुसऱ्याच रोजी कोनीतरी साहेब येनार होता, नाव पाहाले, लोकायले बसवाची परवानगी म्होरं चालू ठेवाची का नाई ते ठरवाले. तू म्हटलं, "आधी मेन पुस थिनरनं, नाई तं घासता घासता आतच जाईन. मंग घास. मंग दोन रोज वाळू दे, साहेब आला तं आला, त्याले चहा पाजू. मंग भर." अन् तू कापनीले वावरात गेला.

मेन मी पुसलं. घासलंही थोडंसं. तेवढ्यात आभाळ आलं अन् पानी शिंपडून गेलं. मी विचार केला, भाऊ सांजले येईन, उद्या साहेब येईन, फुकट बोलनी खावी लागन. चिरेत बोट घातलं तं वलं लागलं. शर्टानं पुसलं. मॅटचा एक तुकडा आत कोंबला, वरून पुट्टी लावली, वरून पांढरा रंग मारला. रंगाचा एक वघळही खाली गेला, तो पुसाचं सुचलं नाई. कूलर तसंच दुरुस्त करतो मी. पन कूलर कोनाले बुडवत नाई.

तू आला. पाह्यलं. नख फिरवलं. चमचा तुयापाशी नव्हता, घरी होता.

"वलं भरलं काय बे, कूलर?"

"नाई, भाऊ. वाळवलं."

"दोन रोज?"

"दोन रोज. काल घासलं, आज..."

"काल तं साबूत होती."

"मंग... पन वाळवलं, भाऊ. चांगलं वाळवलं."

"आन घे."

अन् मी काय केलं? मानूस आपल्या गळ्याले हात लावते, नाई तं आपल्या पोराचं नाव घेते. मी म्होरं झालो अन् तुया गळ्याले चिमटीत धरलं. इथी, गाठीपाशी. अन् म्हटलं, "दोन रोज वाळवलं, तुयी आन."

तू मायाकडे पाहत राह्यला. मंग म्हनला, "बरं."

साहेब आला, चहा पेला, परवानगी देऊन गेला. मी घुग्घुसले निंघून गेलो, आठ रोजाचं काम होतं. वापस आलो तं तू अंगनात बसून हात खाजवून राह्यला होता. कोपरापर्यंत लाल. मी म्हटलं, "भाऊ, खरूज झाली काय? दूर बस गा, मले लागन." तू म्हटलं, "बांधावरच्या खाजकुयलीत हात गेला." मी दिवसभर ते साऱ्याईले सांगत फिरलो, सुकरूभाऊले खरूज झाली म्हनून. माया डब्यातलं रेझिन कमी दिसलं, तं मी उंदराईवर आळ घेतला. मॅटही कुरतडली म्हटलं. उंदीर रेझिन पेते असं मी चौकात बसून चार मानसाईले पटवून देल्लं.

वीस वर्स मी फायबरचं काम केलं, भाऊ. फायबरच्या बुकनीनं हाताले कशी खाज सुटते ते मले माया बापापेक्षा जास्त ठावं. पन मी नाई वळखलं.

व्हळीच्या आधी तू गेला. अंगनात चहा पेता पेता, बसल्या जागी. डाक्टर म्हनला, हार्ट. पन वयनीनं रडता रडता साऱ्या बायाईले सांगतलं, "पयले त्याईचा हात गळ्याले गेला व माय, गळ्याले गेला." मी बायाईच्या मांगं उभा होतो. मी तिथीच पडलो. तुले उचलाले चार मानसं लागले अन् मले दोन.

तेव्हापासून मायं जेवन उतरत नाई. घास इथी येऊन थांबते. बायको म्हनते, डाक्टरले दाखवा. काय दाखवू? माया गळ्यात काई नाई, जे होतं ते तुया गळ्यात होतं अन् मी चिमटीनं धरलं होतं. ताटात भाकर वढली तं खर्र वाजते, तुयी नाव मुरुमावर वढल्यासारखी. कोनी कपात चमचा फिरवला का मी दचकून मांगं पाहतो. परवा चायवाल्यानं चार कपात चमचा फिरवला अन् मी चहा सोडून घरी आलो. तो आता सांगत फिरून राह्यला, कूलरनं चहा सोडला, साधू झाला.

मंग समितीनं ठरवलं, नाव शालू चालवन. तुयाच हाताखाली शिकली, तुयापेक्षा चांगला पडदा धरते, हे तू साऱ्या गावाले सांगत होता, तिले सोडून. येत्या आयतवारी पयली फेरी, आंगनवाडीच्या चार बाया बसनार. त्यातल्या तिघींले पोहता येत नाई. सारे खूश. मी नाई. डाव्या अंगाले, पान्याच्या रेघेखाली, वली चिंधी कोंबलेली नाव, आजवर टिकली पन कवा सुटन भरोसा नाई, अन् त्यात तुयी पोट्टी. एक मानूस त्या ठिगळापायी गेला असं मी धरून चाललो होतो. आता पाच.

सांगाले पाह्यजे होतं. मी काय ठरवलं? कोनाले नाई सांगाचं. सकारीच उठून जाचं, गुपचूप ठिगळ खोलाचं, पुन्हा भराचं. मी मायी खोड मरेपर्यंत सोडनार नाई, तुले ठावं आहे.

सकारी उजाडता उजाडता गेलो. नाव मोहाखाली पालथी होती, तू ठेवली होती तशीच. ग्राइंडर खाली ठेवलं. अन् आवाज आला.

टन.

मी थांबलो. टन. टन. मंग थोडा वेळ काई नाई. मंग डाव्या अंगाले, टन. जसा तू वाजवत म्होरं म्होरं जात होता, तसाच. कोनी नाई. मी म्हटलं, "भाऊ?" तं त्या ठिगळावरच वाजलं, टन.

मी पळालो, भाऊ. तनशीवरून घसरलो. एक चप्पल तिथीच, एक हातात. बांधाच्या वळनावर वयनी टोपली घेऊन मोह येचाले येत होती, तिच्यावरच जाऊन धडकलो.

"काय झालं व्हय? वाघ दिसला काय?"

"वयनी, भाऊ... भाऊ चमचा वाजवून राह्यला."

वयनीनं मायी एक बाही धरली अन् मले वढत नावेपाशी नेलं. वर पाह्यलं. मोहाचं फूल सुटलं, नावेच्या पाठीवर पडलं. टन. दुसरं पडलं. नावेभोवती पिवळा सडा पडला होता. सकारीच्या येळी मोह गळते, हे आपल्याकडच्या दोन वर्साच्या लेकरालेही समजते. मायी चप्पल उचलून तिनं माया हाती देल्ली अन् म्हटलं, "घाला. अन् आता सांगा, इतक्या सकारी मशीन घेऊन काऊन आले?"

मी सांगतलं. तिथीच, मोहाच्या सड्यावर बसून. वलं भरलं ते, साहेबाचं, गळ्याचं, आनेचं. शालूही मांगून आली होती, तिनंही आयकलं. मले वाटलं वयनी टोपली डोक्यात घालन. घातली असती तं बरं झालं असतं.

वयनी म्हटली, "तुमच्या आनेनं मानूस मरत असता, तं अर्धं गाव कधीचंच मसनात गेलं असतं. दिवसातून दहा आना घेता तुमी." मंग टोपली खाली ठेवली. म्हटली, "पन गळ्याले काऊन हात लावला हो त्याईच्या? माया मालकाच्या गळ्याले?"

मी तो हात मांडीखाली दाबला.

शालू घरी गेली अन् चमचा घेऊन आली. तुया फोटोपुढे ठेवला होता तो. मले देल्ला. "काका, वाजवा." माया हातानं वाजवाची हिंमत नव्हती, तं तिनंच वाजवलं. उजवं अंग, टन. नाकाड, टन. डावं अंग. ठिगळ. टन.

"भद नाई वाजलं, काका."

"कान फसवते," मी म्हटलं. "खोला."

मोह येचून घेतला आमी आधी. मंग थिनरनं मेन पुसलं, तू सांगतलं तसं, तुया समोर कधी केलं नाई तसं. ग्राइंडर नाई लावलं, हातानं पॉलिश पेपर घेतला. पांढरा रंग जाऊ लागला. माया रंगाचा वघळ होता, तोही गेला. मी वाट पाहत होतो का आता पुट्टी निंघन, आता वली चिंधी निंघन, आता काळं पानी गळन.

पुट्टी निंघालीच नाई.

खालून एक रेघ दिसली, गोल. मोठी, ताटाएवढी. अजून घासलं. तिच्या आत दुसरी गोल रेघ. तिच्या आत तिसरी. चांगला सागाचा बुडखा कापल्यावर वरून जशा रेघा दिसते, एकात एक, तशा. ज्या बुडख्यानं नाव फाडली त्याचंच तोंड नावेच्या अंगावर उमटल्यासारखं. शालू म्हटली, "काका, हे काय आहे?"

मले समजलं होतं.

लहान तुकडा आधी लावला, तं मोठा वरून साऱ्याले झाकते, घासल्यावर एकच तुकडा दिसते. मोठा आधी लावला, अन् त्याच्यावर लहान, त्याच्यावर अजून लहान, तवाच घासल्यावर अशी गोल कडी दिसते. साऱ्या मुलखात मोठा आधी लावनारा एकच भैताड होता.

"वयनी," मी इचारलं, "कापनीच्या दिवसात, मी घुग्घुसले होतो तवा, भाऊ काय करत होता?"

"ताप आला म्हनून चार रोज नाव भाईर नाई काढली त्याईनं. पन घरी कुठी होते? इथीच मोहाखाली बसून राहत. अन् हाताले ती खाज. मीच रोज तेल चोळून देल्लं, कोपरापर्यंत. खाजकुयली म्हने."

तिनंही पाह्यलं. त्या रेघेवर हात ठेवला अन् तसाच राहू देल्ला.

तुले समजलं होतं, भाऊ. त्याच रोजी, मी गळा धरला तवाच. मी गावाभाईर गेल्यावर तू मायं ठिगळ उपसून काढलं. ताटाएवढा उतार घासला. वाळवलं. दोन रोज वाळवलं, मायी आन खरी व्हाले. माया डब्यातलं रेझिन, मायीच मॅट. अन् वरून रंग मारला तो मायावानी घानेरडा मारला, वघळसुद्धा त्याच जागी सोडला, म्हनजे मले समजाले नाई पाह्यजे. अन् मी खरूज म्हटलं, तं खरूजवाला बनून बसला. आयुष्यात तू नीट नाई केलं असं एकच काम आहे, तो वघळ. अन् तो माया इज्जतीसाठी.

पन भाऊ, एक गोष्ट बोलतो. तू चूक केली. एकदा तरी म्हनाले पाह्यजे होतं, कूलर, तू खोटा आहे. मी खोटं बोललो असतो पयले, मंग रडलो असतो, मंग तू शिवी देल्ली असती, मंग आपन मोठा आधी का लहान आधी यावर सांजवरी भांडलो असतो. तू मले वाचवाले गेला, पन ते मले सांगतलं नाई. म्हनून तू गेल्यावर एवढे दिवस मी तुया गळ्याले हात लावूनच हिंडत होतो. मायं ठिगळ तू दुरुस्त केलं. मले तसंच वलं ठेवलं.

मोठा आधी. तू जिंकला. हे शालू, ठळक लिव.

रेघा झाकाच्या नाई असं वयनीनं ठरवलं. पन धागे उघडे ठेवता येत नाई, पानी पेते. तं बिनरंगाचं कातडं चढवनार आहो, काचेवानी, म्हनजे आतलं दिसन. त्यासाठी बुकनी धुतली, अन् आता हे दोन रोज. नव्या बाटल्या शालूनं काल बांधल्या. तुया जुन्या तेरा होत्या, तिले पंधरा बुडखे सापडले. तुया नजरेतून दोन सुटले होते, हे सांगताना तिले हासू आलं, मंग लगेच डोळ्याले पदर लावला.

मोह आता सरत आला. नऊ वाजले का फुलं पडाचं थांबते. पन काल भर दुपारी, झाडाचं पान हालत नव्हतं, एकही फूल नव्हतं, तरी डाव्या अंगाले टन वाजलं. मी वर पाह्यलं नाई. पळालोही नाई. म्हटलं, "वाळून राह्यलं, भाऊ. हात नाई लावला."

आता दुसऱ्या रोजची सांज झाली. शालूनं पेन थांबवला अन् मायाकडे पाहून राह्यली.

"काका, वाळलं काय?"

चमच्यानं वाजवलं. बोट ठेवलं. कोरडं ठाक.

"वाळलं."

"दोन रोज?"

"दोन रोज."

"आन घ्या."

पोट्टी तुयीच आहे, भाऊ. माया हात उठला अन् सवयीनं म्होरं गेला. अर्ध्यात थांबवला. मंग वापस आनला अन् मायाच गळ्यावर ठेवला, इथी, गाठीपाशी, जिथी घास थांबते.